कांदा, केळं, कापूस: शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहायला शिकताना

शाळेच्या प्रयोगशाळेत मी पंचवीसेक वर्षं सहायक होतो. परीक्षा जवळ आली की प्रॅक्टिकलच्या वह्या माझ्या टेबलावर यायच्या, आणि दर वर्षी त्यांत कांद्याच्या पेशीची तीच आकृती असायची. भित्तिका, केंद्रक, तंतुकणिका, गॉल्जी पिंड, शिवाय रायबोसोमचे ठिपके. आमच्या त्या जुन्या सूक्ष्मदर्शकातून रायबोसोम दिसणं म्हणजे जळगाव स्टेशनवर उभं राहून सातपुड्यातल्या झाडावरची मुंगी दिसणं. पोरांनी पुस्तकातली आकृती उतरवली होती. स्लाइडवर डोळा कुणी ठेवलाच नव्हता, आणि मार्क मात्र पुरे मिळत होते.

म्हणून नव्याने शिकणाऱ्याला, मग तो आठवीतला असो की मुलाला शिकवू पाहणारा बाप, मी आधी वहीची सवय लावतो. वही उघडायची. डाव्या पानावर स्वतःच्या डोळ्याला दिसलं तेवढंच काढायचं. उजव्या पानावर पुस्तकात वाचलेलं, म्हणजे जे आहे पण आपल्याला दिसलं नाही ते. दोन्ही पानं एकमेकांत मिसळायची नाहीत. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच वहीवर चालतात.

आधी सूक्ष्मदर्शक हातात बसू द्या

साधा, आरशाचा सूक्ष्मदर्शक पुरतो. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे आरशाचाच बरा. खिडकीपाशी बसा, आरशाची खोलगट बाजू वर करा आणि उजेड आत घ्या. सूर्य थेट आरशात घ्यायचा नाही, डोळा जाईल.

नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं वरचं भिंग, १० पट आणि खालचं भिंग १० पट असेल तर वस्तू १०० पट मोठी दिसते. सुरुवात नेहमी याच भिंगापासून. ४० किंवा ४५ चं मोठं भिंग पाहून हात शिवशिवतात, पण थांबा. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी मोठं भिंग लावून, डोळा नेत्रिकेला चिकटवून मोठा स्क्रू खाली फिरवत गेलो. कट्ट आवाज आला. स्लाइडचे दोन तुकडे आणि भिंगावर कायमचा ओरखडा. तेव्हापासून माझा नियम असा: बाजूने बघत भिंग स्लाइडच्या जवळ आणायचं, मग नेत्रिकेतून बघत ते वर वर न्यायचं. खाली नेताना डोळा बाहेर, वर नेताना डोळा आत.

सामान फार लागत नाही: स्लाइड, कव्हर स्लिप (स्लाइडवर झाकायची पातळ काच), ड्रॉपर, नवीन ब्लेड, चिमटा, सुई, टिपकागद. रंगासाठी मेडिकलमधून आयोडीन आणा. जखमेला लावायचं तपकिरी पोव्हिडोन आयोडीनही पाणी घालून फिकं केलं की चालतं. मिथिलिन ब्लू हा निळा रंग मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो. दोन्हींचे डाग कपड्यावरून जात नाहीत, तेव्हा शाळेचा पांढरा शर्ट घालून बसू नका.

खानदेशात एक अडचण जास्तीची. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा स्लाइडवरचं पाणी बघता बघता उडतं आणि पेशी आक्रसतात. पाण्याचा थेंब कडेने पुन्हा पुन्हा द्या, किंवा सकाळी सातला बसा.

कांदा: भित्तिका आणि केंद्रक

कांद्याचे उभे चार भाग करा. आतली एक जाड पाकळी घ्या आणि ती बाहेरच्या बाजूला वाकवून मोडा. आतल्या, म्हणजे खोलगट बाजूला पातळ पारदर्शक पापुद्रा लोंबत राहतो, त्यावर जरा फुंकर मारली तरी हलतो. चिमट्याने तो हळूच ओढा आणि लगेच पाण्यात टाका. हवेत दोन मिनिटं राहिला तर गुंडाळी होते आणि मग तो सरळ करण्यात अर्धा तास जातो. नखाएवढा तुकडा पुरे. तो स्लाइडवर पाण्याच्या थेंबात पसरा, कव्हर स्लिप एका कडेवर टेकवून तिरकी ठेवा आणि सुईच्या आधाराने सावकाश खाली सोडा. आता आयोडीनचा एक थेंब कव्हर स्लिपच्या एका कडेला, आणि समोरच्या कडेला टिपकागद. कागद पाणी ओढतो तसं आयोडीन आपोआप आत सरकतं.

पहिल्यांदा बघणाऱ्याला पेशीऐवजी हमखास बुडबुडा सापडतो. एक पोरगा वर्गभर ओरडत आला होता, "सर, पेशी सापडनी! गोल शे, काळी किनार शे!" अगदी गोल आणि जाड काळ्या कडेचं जे काही असेल तो हवेचा बुडबुडा, भो. कांद्याच्या पेशी लांबट असतात, विटांच्या बांधकामासारख्या एकीला एक लागून. दुसरा फसवणारा पाहुणा म्हणजे धूळ. नेत्रिका गोल फिरवून बघा. ठिपका तिच्यासोबत फिरला तर घाण नेत्रिकेवर आहे, स्लाइडवर नाही.

विटांमधल्या रेघा म्हणजे पेशीभित्तिका. ती सेल्युलोजची, ताठ आणि आकार धरून ठेवणारी. प्रत्येक विटेत एक पिवळसर तपकिरी टिकली दिसते, ते केंद्रक. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींत हीच टिकली पाहून तिला नाव दिलं. पेशीने काय करायचं, कोणती प्रथिनं बनवायची, कधी विभागायचं, हे सगळं ज्या डीएनएत लिहिलेलं असतं तो इथे असतो. आणि गंमत अशी की कांद्याच्या केंद्रकात माणसाच्या साधारण पाचपट डीएनए असतो. जास्त डीएनए म्हणजे जास्त अक्कल, असं काही नाही.

केंद्रक बहुतेक पेशींत कोपऱ्यात किंवा कडेला ढकललेलं दिसेल. मधली जागा रिकामी वाटते, पण तिथे रिक्तिका असते, पाण्याने भरलेली मोठी पिशवी. वाढ झालेल्या वनस्पती-पेशीचा बहुतेक भाग तीच व्यापते, कधी कधी ९० टक्क्यांपर्यंत. पेशीद्रव्य, म्हणजे केंद्रकाभोवतीचा दाटसर द्रव, बिचारं भित्तिकेलगत पातळ थर करून राहतं. रिक्तिकेतलं पाणी भित्तिकेवर दाब देतं, म्हणून मेथीची जुडी टवटवीत राहते. पाणी गेलं की जुडी मान टाकते.

आता माप. पारदर्शक प्लास्टिकची पट्टी स्लाइडच्या जागी ठेवून १०० पटीने बघा आणि नजरेच्या वर्तुळात किती मिलीमीटर मावतात ते मोजा. साधारण दीड ते दोन मावतात. मग त्याच वर्तुळात आडव्या ओळीत कांद्याच्या पेशी किती बसतात ते मोजा. दोन मिलीमीटरमध्ये आठ पेशी बसल्या तर एक पेशी पाव मिलीमीटर लांब. हा आकडा डाव्या पानावर लिहा, तो तुमचा स्वतःचा आहे.

मीठ लावलं की पटल दिसतं

पुस्तक म्हणतं भित्तिकेच्या आत प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीद्रव्याभोवतीचा पातळ पडदा असतो. तुम्ही पाहिलंत का? नाही. ते एका मिलीमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ, शिवाय भित्तिकेला आतून चिकटलेलं. पण त्याला भित्तिकेपासून सोडवता येतं. माझ्या मते नवशिक्यासाठी सगळ्यांत सुंदर प्रयोग हाच.

इथे रंगीत पेशी हव्यात. भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं भरताचं वांगं इथे कामाचं नाही, कारण ते हिरवं. लाल कांदा घ्या. या वेळी पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळट पापुद्रा काढा. रंग रिक्तिकेत असतो, म्हणून आतली पिशवी आयतीच रंगवलेली मिळते. आयोडीन नको.

आधी साध्या पाण्यात बघा. रंग भित्तिकेपर्यंत काठोकाठ भरलेला. आता अर्धा कप पाण्यात एक चमचा मीठ विरघळवा आणि टिपकागदाच्या युक्तीने ते कव्हर स्लिपखाली ओढून घ्या. डोळा काढू नका. दोन-तीन मिनिटांत एखाद्या पेशीचा कोपरा पांढरा पडतो. मग दुसऱ्या कोपऱ्यातून रंग मागे सरतो. भित्तिका जागच्या जागी, आणि आत जांभळा गोळा आक्रसत जातो. त्या गोळ्याची जी स्वच्छ, गोलाईदार कड दिसते तिथेच प्रद्रव्यपटल आहे. त्याची जाडी तुम्हाला अजूनही दिसत नाही, पण ते कुठवर आहे ते दिसतं. डाव्या पानावर ती कड काढायला माझी परवानगी.

यालाच परासरण म्हणतात. बाहेर मीठ जास्त म्हणून पाणी पटलातून बाहेर गेलं. भित्तिकेने मिठालाही वाट दिली आणि पाण्यालाही, ती कुणालाच अडवत नाही. निवड करतं ते पटल: पाणी जाऊ दिलं, जांभळा रंग आत रोखला. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवल्यावर रात्रीतून भांड्यात पाणी सुटतं ते याच कारणाने. लगेच साधं पाणी परत दिलं तर बऱ्याच पेशी पुन्हा फुगतात. मात्र उशीर केलात तर मेलेल्या पेशी फुगत नाहीत.

हिरवं, लाल आणि पांढरं: लवके

लवके म्हणजे वनस्पती-पेशीतले अन्न बनवणारे, रंग धरणारे किंवा साठवण करणारे कण. ती तीन प्रकारची, आणि तिन्ही खानदेशात हाताशी.

हिरव्यासाठी हायड्रिला. मत्स्यालयाच्या दुकानात मिळते, कधी पाटचारीतही सापडते. शेंड्याचं कोवळं पान अख्खंच्या अख्खं पाण्यात ठेवा, ते दोनच पेशींइतकं जाड असतं, कापायची गरज नाही. विटांच्या आत हिरवे दाणे दिसतात, ती हरितलवके. अन्न इथे बनतं. मोठं भिंग लावायची वेळ आता आली. पानाच्या मधल्या शिरेजवळच्या एका पेशीवर नजर ठेवा आणि उजेडात पाच-दहा मिनिटं द्या. दाणे सरकू लागतात, भित्तिकेच्या कडेकडेने, यात्रेतल्या पाळण्यासारखे एकामागून एक. पेशीद्रव्य वाहत असतं आणि लवके त्याच्यासोबत जातात. पेशी जिवंत आहे हे डोळ्यांनी पटवणारी दुसरी सोपी गोष्ट मला माहीत नाही.

लाल रंगासाठी ओली लाल मिरची. नंदुरबारच्या पथारींवर दिवाळीनंतर मिरच्यांचे लाल गालिचे पसरलेले असतात, तो रंग वर्णलवकांचा. मिरचीचा गर ब्लेडने खरवडून टाका आणि उरलेली पातळ साल बघा. भित्तिकांच्या आत केशरी-लाल कण दिसतील. इथे लाल कांद्याशी तुलना करा: कांद्याचा रंग पाण्यात विरघळून रिक्तिकेत सपाट पसरलेला, मिरचीचा रंग कणांत बंद. मिरची हिरवी असताना हीच लवके हरित होती, पिकताना त्यांनीच रूप बदललं. मिरचीचा हात डोळ्याला लावायचा नाही, हे सांगायला नको. तरी दर वर्षी एखादा लावायचाच.

पांढरी ती अवर्णलवके, साठवण करणारी. त्यांच्यासाठी रावेर-यावलचं केळं. हिरवं कच्चं केळं मोडा, गराचा मोहरीएवढा कण स्लाइडवर चोळा, फिक्या आयोडीनचा थेंब द्या. निळे-काळे लांबट दाणे इतके दिसतात की बाकी काही दिसत नाही. ते पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे दाणे, आयोडीन लागून निळे-काळे झालेले. त्याच फणीतलं एक केळं रोज घेऊन आठवडाभर हेच करा. साल पिवळी होत जाते तसे दाणे विरळ होतात, आणि ठिपके पडलेल्या गोड केळ्यात शोधावे लागतात. कच्च्या केळ्याच्या गरात वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास पिष्ट असतं. पिकलं की एक-दोन टक्के उरतं, बाकीच्याची साखर होते. केळ्याचे वेफर्स कच्च्याचेच का करतात याचं उत्तरही या स्लाइडवरच आहे.

स्वतःचा गाल

चूळ भरा. स्वच्छ कापूसकाडीने गालाच्या आतून हलकेच घासा, स्लाइडवरच्या थेंबात फिरवा, मिथिलिन ब्लूचा लहानसा थेंब द्या. काडी एकदाच वापरायची आणि फेकायची. दुसऱ्याच्या गालावर प्रयोग नको.

इथे विटा नाहीत. वेड्यावाकड्या, कडा दुमडलेल्या चकत्या, मध्ये गडद निळं केंद्रक. भित्तिका नाही, लवके नाहीत, मोठी रिक्तिका नाही. प्राणी-पेशी आणि वनस्पती-पेशी यांतला फरक मुलं तक्ता करून पाठ करतात. ही स्लाइड कांद्याच्या स्लाइडशेजारी ठेवली तर तक्ता लागत नाही. या चकत्यांवर बारीक निळे ठिपके दिसले तर ते तोंडातले जिवाणू. त्यांना केंद्रक नसतं, त्यांचा डीएनए पेशीद्रव्यातच मोकळा असतो.

जे दिसत नाही त्याचं काय?

आता उजवं पान. तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड, लयकारिका, रायबोसोम. उजेडाने पाहायच्या सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा आहे: साधारण ०.२ मायक्रोमीटरहून (मायक्रोमीटर म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) जवळ असलेले दोन बिंदू त्याला वेगळे दाखवता येत नाहीत. भिंग कितीही मोठं करा, मोठा धूसर डाग दिसेल. रायबोसोम त्याहून कितीतरी लहान. तंतुकणिका या मर्यादेत बसतात, पण खास रंग आणि चांगलं यंत्र लागतं.

कामिल्लो गॉल्जी यांनी १८९८ मध्ये घुबडाच्या मेंदूतल्या पेशींना चांदीच्या क्षाराने रंगवून आत एक जाळी पाहिली. ती जाळी खरी की रंगाचा डाग, यावर पुढची पन्नासेक वर्षं वाद चालला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर तो मिटला. लयकारिका तर आधी दिसल्याच नाहीत. क्रिस्तियान द दूव यांनी उंदराच्या यकृतातल्या पेशी फोडून, यंत्रात गरगर फिरवून त्यांचे भाग वेगळे केले आणि त्यांतल्या पाचक विकरांवरून, म्हणजे एन्झाइमांवरून, १९५५ मध्ये त्यांना नाव दिलं. या कामांसाठी द दूव, आल्बेर क्लोद आणि जॉर्ज पालादे यांना १९७४ चं नोबेल मिळालं.

या भागांची कामं सुटी सुटी पाठ करू नका. एकाच मालाचा माग काढा. माल म्हणून लाळेतलं अमायलेज घ्या, पिष्ट फोडणारं विकर. त्याची कृती केंद्रकातल्या डीएनएत लिहिलेली असते. तिची नक्कल, म्हणजे आरएनए, केंद्रकाच्या छिद्रांतून बाहेर येते. आंतर्द्रव्यजालिकेवर चिकटलेले रायबोसोम ती वाचून प्रथिन गुंफतात. ते जालिकेच्या आत शिरतं, तिथे त्याची घडी बसते. पुढे गॉल्जी पिंडात त्यावर शेवटचा हात फिरतो आणि ते लहान पिशव्यांत भरलं जातं. पिशव्या प्रद्रव्यपटलाला जाऊन मिळतात आणि माल पेशीबाहेर, लाळेत. या सगळ्याला लागणारी ऊर्जा तंतुकणिका पुरवतात. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, कारण त्या मुळात कधीकाळी मोठ्या पेशीत शिरून राहिलेल्या जिवाणूंच्या वंशातल्या. या मालाच्या वाटेवर लयकारिका येत नाहीत. त्या घरातच राहून मोडकं-तोडकं पचवतात.

वाट दिसत नाही, पण माल तपासता येतो. भाताची पातळ पेज दोन वाट्यांत घ्या, कोमट असू द्या. एकीत चमचाभर लाळ टाकून ढवळा, दुसरीत तेवढंच पाणी. पंधरा-वीस मिनिटांनी दोन्हींत आयोडीनचे दोन-दोन थेंब टाका. पाण्याची वाटी निळी-काळी होते. लाळेची वाटी फिकी राहते, पिष्ट फुटलेलं असतं. आयोडीन आधी टाकू नका, विकराचं काम बिघडतं. पेज दाट असेल किंवा लाळ कमी पडली तर तिथेही निळं दिसेल, मग पेज पातळ करून पुन्हा बघा. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, तेही हेच.

शेवटी कापूस

शेवटची पायरी सूक्ष्मदर्शकाआधी पट्टीवर. फुटलेल्या बोंडातून एक सरकी घ्या आणि तिच्यावरचा एकच तंतू सोडवून पट्टीवर ठेवा. अडीच-तीन सेंटिमीटर भरेल. तो एक तंतू म्हणजे एक पेशी. सरकीच्या सालीवरची एकेक पेशी फूल उमलल्यापासून साधारण तीन आठवडे लांबत जाते, मग आतून सेल्युलोजचे थरावर थर चढवते. कांद्याची पेशी तुम्ही पाव मिलीमीटर मोजली होती. ही तिच्या शंभरपट लांब, आणि जाडी मात्र केसापेक्षा कमी.

आता तंतू पाण्याच्या थेंबात, १०० पटीने. गोल नळी दिसेल असं वाटतं, पण दिसते ती चपटी, जागोजागी पीळ पडलेली फीत. बोंड फुटलं, ऊन लागलं, आतलं पेशीद्रव्य वाळून गेलं आणि पोकळ नळी बसली. त्या पिळांमुळेच एक तंतू दुसऱ्यात अडकतो आणि सूत निघतं. जिनिंगमध्ये सरकीपासून जे वेगळं होतं, गाठींत बांधलं जातं, ते सगळं मेलेल्या पेशींचं बाहेरचं आवरण. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या कापात ज्या रिकाम्या खोल्या पाहून त्यांना 'सेल' म्हटलं, त्याही अशाच, आतलं बिऱ्हाड उठून गेलेल्या.

फीत पेन्सिलने काढा, छाया देऊ नका, शेजारी १०० पट असं लिहा. केंद्रक, रिक्तिका, पेशीद्रव्य दाखवायचा मोह होईल. डाव्या पानावर या आकृतीला एकच नाव द्यायचं: पेशीभित्तिका.